अपडेटनंतर काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कॅप्स लॉक: एका उबंटू लॅपटॉपचं प्रकरण

आधी लक्षणं सांगते. लॅपटॉप चालू केला की लोगो येतो, मग ग्रबचा, म्हणजे विंडोज उघडायचं की उबंटू हे निवडायचा, मेनू येतो, तिथे उबंटूवर (विंडोजसारखीच, पण लिनक्सवर उभी असलेली सिस्टीम) एंटर मारलं की स्क्रीन काळी, आणि कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा एका लयीत लुकलुकत राहतो, बस. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. पॉवर बटण धरून ठेवल्याशिवाय बंद पण होत नाही. लॅपटॉप माझ्या मावसभावाचा, तो कराडला आणि मी पुण्यात, त्यामुळे हे सगळं प्रकरण फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या स्क्रीनच्या तिरप्या फोटोंवर निस्तरलंय हे लक्षात ठेवा, काही ठिकाणी उगाच लांबण लागली ती त्यामुळेच.

माझ्याकडे यायच्या आधी त्याने दोन ठिकाणी विचारून झालं होतं. एका रिपेअरवाल्याने बघितल्या बघितल्या डिस्क गेली म्हणून सांगितलं, नवीन एसएसडीचा भाव पण दिला. आणि हॉस्टेलवरच्या मित्राचं म्हणणं, सरळ फॉरमॅट मार आणि उबंटू नवीन टाक, अर्ध्या तासाचं काम. अर्ध्या तासाचं काम खरंच आहे, पण त्यात होम फोल्डरमधलं प्रोजेक्ट जाणार होतं ते कोण बघणार.

"ताई, डिस्कच गेलीय म्हणतायत."
"अरे थांब. विंडोज चालू होतंय का त्यावर?"
"हो, ते होतंय की."
"दोन्ही एकाच डिस्कवर आहेत ना?"
"एकच डिस्क आहे."
"मग ती अर्धीच गेली का?"

आता डिस्कचा एखादा भाग खराब असू शकतो, अगदीच अशक्य नाही, पण विंडोज झटकन उघडतंय, फाइली कॉपी होतायत, आणि दुकानात कुणी स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा ठेवते तो) बघायची पण तसदी घेतली नव्हती. उलट तो लुकलुकणारा दिवाच दुसरं काहीतरी सांगत होता. कॅप्स लॉक असा लुकलुकतो तेव्हा लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा हार्डवेअर चालवणारा गाभा, पॅनिकमध्ये गेलेलं असतं, म्हणजे कर्नल लोड झालं, सुरू झालं, आणि पुढे जाता येईना म्हणून त्याने हात टेकले. ग्रबनं कर्नल डिस्कवरूनच वाचलं ना, मग डिस्क मेलेली कशी?

मग त्याला म्हटलं, ग्रबमध्ये उबंटूच्या ओळीवर ये, एंटर मारू नको, कीबोर्डवरचं ई दाब. बूटचा मजकूर एडिट करायची स्क्रीन येते, त्यात लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी क्वाएट आणि स्प्लॅश असे दोन शब्द असतात, ते खोड आणि एफ१० दाब. हे शब्द काढले की कर्नल तोंड उघडतं. फोटो आला, त्यात शेवटून काही ओळी वर ही ओळ होती: कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०).

म्हणजे सिस्टीमच्या फाइली जिथे आहेत ते रूट कर्नलला उघडता येत नाहीये. हा मेसेज बघून लोक घाबरतात कारण त्यात रूट, माउंट, ब्लॉक असे डिस्कशी संबंधित सगळे शब्द आहेत. पण तो ०,० नीट बघा. कर्नलला डिस्क सापडली आणि वाचता आली नाही असं असतं तर तिथे डिस्कचा काहीतरी नंबर आला असता. ०,० म्हणजे त्याला डिस्क नावाची वस्तूच दिसत नाहीये, कारण डिस्कशी बोलायचा ड्रायव्हरच त्याच्याकडे नाहीये. उबंटूच्या कर्नलमध्ये एनव्हीएमई एसएसडीचा (याच्या लॅपटॉपमधल्या डिस्कचा प्रकार) ड्रायव्हर आत शिवलेला नसतो, वेगळं मॉड्यूल, म्हणजे गरजेप्रमाणे जोडायचा तुकडा, असतं. आणि ते मॉड्यूल कुठे, तर डिस्कवर. घराची किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावल्यातला प्रकार. म्हणून इनिटआरडी नावाची फाइल असते, छोटी तात्पुरती फाइलसिस्टीम, ग्रब ती कर्नलबरोबरच मेमरीत ठेवतं आणि त्यातून कर्नल लागणारे ड्रायव्हर उचलतं.

म्हणून मग परत त्या एडिट स्क्रीनचा फोटो मागवला, या वेळी सरळ धरून काढ म्हटलं. लिनक्सची ओळ होती, आणि तिच्या खाली इनिटआरडीने सुरू होणारी ओळ असायला पाहिजे ती नव्हतीच. तिथेच ऐंशी टक्के उलगडा झाला. ग्रब बिघडलेलं नाही, डिस्क बिघडलेली नाही, नवीन कर्नलचं इनिटआरडी तयारच झालेलं नाही. आता का झालं नाही हे शोधायचं होतं.

पण त्याआधी मशीन उघडायला पाहिजे. अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू मध्ये जा म्हटलं, तर म्हणे तिथे रिकव्हरी मोड करून बघितला, त्याने पण तेच झालं, म्हणून तर सगळेच फॉरमॅट मार म्हणतायत. ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. त्या यादीत प्रत्येक कर्नलच्या दोन ओळी असतात, एक साधी आणि एक रिकव्हरीची, आणि त्याने निवडलेली रिकव्हरी ६.५ या नवीन व्हर्जनची होती, म्हणजे त्याच बिनइनिटआरडीच्या कर्नलची, मग ती चालणार कशी. खाली जा, ५.१५ ची, म्हणजे जुन्या कर्नलची, साधी ओळ निवड. निवडली, आणि डेस्कटॉप आला. फोनवर मागे मावशीचा आवाज ऐकू आला, झालं का रे एकदाचं? नव्हतं झालं, पण आता घाई नव्हती.

टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडायला लावलं. पहिली शंका सगळ्यांना येते तीच, जागा संपली असेल. ती खोटी पण नाही, एन्क्रिप्शन टाकून इन्स्टॉल केलेल्या मशीनवर /बूट (कर्नल आणि इनिटआरडी ठेवायची जागा) वेगळं छोटं पार्टिशन असतं, ते जुन्या कर्नलांनी भरतं, आणि इनिटआरडी लिहिताना मध्येच नो स्पेस लेफ्ट येतं, शेवटी अगदी हीच काळी स्क्रीन. डीएफ -एच मारून बघितलं तर याच्याकडे वेगळं /बूट नाहीच, आणि रूटवर भरपूर जागा. तो रस्ता बंद. एलएस मारून /बूट मधल्या फाइली बघितल्या, व्हीएमलिनझ, म्हणजे कर्नलची फाइल, ६.५ ची आहे, ५.१५ ची आहे, इनिटआरडी फक्त ५.१५ ची. जे फोटोवरून वाटलं होतं तेच.

मग डीपीकेजी (पॅकेजेस बसवणारं टूल) -एल मारून लिनक्सने सुरू होणारी पॅकेजेस बघितली. त्या यादीत डाव्या बाजूला दोन अक्षरं असतात, नीट बसलेल्या पॅकेजला आय-आय. याच्या ६.५ च्या इमेजपुढे (खुद्द कर्नल) आणि हेडर्सपुढे (बाहेरचे ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइली) आय-एफ होतं, म्हणजे फाइली डिस्कवर उतरल्या पण कॉन्फिगर होताना फेल. आणि जे मेटापॅकेज या दोघांवर अवलंबून असतं त्याच्यापुढे आय-यू, म्हणजे त्याचा नंबरच लागला नाही.

"तुला अपडेटच्या वेळी काही एरर आला होता का?"
"आला होता बहुतेक, एक बॉक्स आला, रिपोर्ट पाठवायचा का विचारत होता, मी क्लोज केला."

सगळेच क्लोज करतात, काही बोलण्यात अर्थ नाही. आणि टर्मिनलमध्ये अपडेट करणारे तरी काय वेगळं करतात, ते सगळ्यात शेवटची ओळ कॉपी करून सर्च मारतात. ती ओळ म्हणजे सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड अॅन एरर कोड (१). या ओळीत माहिती शून्य आहे. प्रिंटरच्या ड्रायव्हरपासून डेटाबेसपर्यंत काहीही फेल झालं तरी शेवटी हीच ओळ येते, त्यामुळे सर्चमध्ये हजार जणांचे हजार उपाय सापडतात आणि त्यातले नऊशे दुसऱ्याच कुणाच्या दुखण्यावरचे असतात. लॉक फाइल डिलीट करा, डीपीकेजीच्या फोल्डरमधली इन्फो फाइल रिकामी करा, हे असलं सगळं तिथूनच येतं. लॉक फाइल तर कधीच उडवू नये, दुसरं काहीतरी खरंच चालू असेल तर दोघं मिळून पॅकेजचा डेटाबेस खराब करतात.

वाचायची जागा वेगळी आहे: /व्हार/लॉग/एपीटी मधली टर्म.लॉग (एपीटी म्हणजे पॅकेजेस उतरवून डीपीकेजीकडे देणारं टूल). अपडेटच्या वेळी टर्मिनलवर जे जे छापलं गेलं ते सगळं तारखेसकट तिथे असतं, बॉक्स क्लोज केला तरी. आणि ती खालून वर नाही, वरून खाली वाचायची, पहिला एरर सापडेपर्यंत. त्याने फाइलच पाठवून दिली, लांबलचक होती कारण अपडेट पण तसंच होतं. हा लॅपटॉप २०२३ चं जवळजवळ अख्खं वर्ष बंद होता, इंटर्नशिपला त्याला कंपनीने दुसरं मशीन दिलेलं. २०२४ च्या सुरुवातीला उघडला आणि सगळं एकदम अपडेट केलं. उबंटू २२.०४ च्या डेस्कटॉपवर मुळात कर्नल ५.१५, पण हार्डवेअर एनेबलमेंट म्हणून जी कर्नलची मालिका येते ती ५.१९, मग ६.२, मग ६.५ अशी पुढे सरकत गेली होती. याने मधल्या दोन पायऱ्या न बघताच ५.१५ वरून ६.५ वर उडी मारली.

लॉगमधला पहिला एरर डीकेएमएसचा होता, ते काय ते पुढे सांगते. एरर, बॅड रिटर्न स्टेटस फॉर मॉड्यूल बिल्ड, पुढे मॉड्यूलचं नाव आरटीएल८८२१सीई, आणि मेक.लॉग (ड्रायव्हर बनवतानाचा लॉग) बघा म्हणून पत्ता. त्याच्या खाली रन-पार्ट्सची ओळ, /एटसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी/डीकेएमएस एक्झिटेड विथ रिटर्न कोड ११. इथे मी चहा ठेवला, कारण आता काय झालं असणार ते कळलं होतं.

वायफाय! २०२० साली ऑनलाइन लेक्चरसाठी हा लॅपटॉप घेतला तेव्हा त्यावर उबंटू २०.०४ टाकलं, त्याचं कर्नल ५.४, आणि आत रिअलटेकची ८८२१सीई चिप. त्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ५.९ पासून आला, ५.४ मध्ये नव्हता. मग सगळ्यांनी केलं तेच यानेही केलं, मोबाइलचं यूएसबी टेदरिंग लावून गिटवरून ड्रायव्हरचा सोर्स उतरवला आणि डीकेएमएसमध्ये घातला. पुढे २२.०४ वर आल्यावर परत एकदा त्या वेळची कॉपी घातली. डीकेएमएसचं काम म्हणजे नवीन कर्नल आलं की असले बाहेरचे ड्रायव्हर त्याच्यासाठी आपोआप परत कंपाइल करायचे, म्हणजे सोर्सपासून नव्याने बनवायचे. चांगली सोय आहे, जोवर कंपाइल होतंय तोवर.

मेक.लॉगमध्ये कारण एका ओळीत होतं, पीडीई_डेटा नावाचं फंक्शन सापडत नाही, तुम्हाला नोड_डेटा म्हणायचंय का? (कंपाइलर बिचारा मदत करायला जातो.) कर्नल ५.१७ मध्ये हे फंक्शन गेलं, त्याच्या जागी स्मॉल अक्षरांतलं तेच नाव आलं. २०२२ मधली कॉपी ५.१५ वर कंपाइल व्हायची, ५.१७ च्या पुढे कुठेच होणार नव्हती. कर्नलवाले आतली फंक्शनं अशी बदलतात आणि कर्नलच्या आतले ड्रायव्हर स्वतःच दुरुस्त करतात, बाहेरच्यांचं बाहेरच्यांनी बघायचं.

आता एक वायफायचा ड्रायव्हर कंपाइल झाला नाही म्हणून लॅपटॉप बूटच होऊ नये, हे कसं? या प्रकरणातला सगळ्यात मजेचा भाग हा आहे. कर्नलचं पॅकेज कॉन्फिगर होताना त्या पोस्टइन्स्ट.डी फोल्डरमधल्या स्क्रिप्ट एकामागून एक चालवल्या जातात, इंग्रजी नावांच्या अक्षरांच्या क्रमाने. त्यात डीकेएमएसची स्क्रिप्ट डी वरून, इनिटआरडी बनवणारी इनिटरॅमएफएस-टूल्स आय वरून, आणि ग्रबचा मेनू बदलणारीला मुद्दाम झेड-झेड लावलेलं, शेवटी यावी म्हणून. आणि एकाने एरर दिला की तिथेच थांबायचं अशी सूचना असते. म्हणजे डीकेएमएस पडलं, इनिटआरडीची पाळी आलीच नाही, ग्रबची पण नाही.

ग्रबची पण नाही, हे बरंच झालं असतं, कारण मेनूमध्ये ६.५ दिसलंच नसतं आणि मशीन गुमान ५.१५ वर उघडलं असतं. पण त्याच अपडेटमध्ये ग्रबची स्वतःची पॅकेजेस पण होती. ती व्यवस्थित बसली आणि बसताना त्यांनी अपडेट-ग्रब चालवलं. ते /बूट मध्ये बघतं, व्हीएमलिनझ ६.५ ची फाइल दिसली की ओळ टाकतं, इनिटआरडी नसेल तर इनिटआरडीशिवाय टाकतं, विचारत नाही. आणि सगळ्यात नवीन कर्नल सगळ्यात वर, म्हणून तेच डिफॉल्ट. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर वागल्या आणि मिळून मशीन बंद पाडलं. मला विचाराल तर निदान ग्रबने तरी अर्धवट कॉन्फिगर झालेलं कर्नल डिफॉल्ट करू नये, पण ते पॅकेजची अवस्था बघतच नाही, नुसत्या फाइली बघतं.

उपायाचे रस्ते तीन होते. एक, ड्रायव्हरची ताजी कॉपी आणून घालायची, म्हणजे पुढच्या कर्नलला परत हेच. दोन, ५.१५ वरच थांबायचं, कर्नल होल्डवर टाकून, चालतं पण सिक्युरिटी अपडेटचं त्रांगडं होतं. तीन, बाहेरचा ड्रायव्हर काढूनच टाकायचा आणि कर्नलमधला आरटीडब्ल्यू८८ वापरायचा, जो एव्हाना कर्नलमध्ये आहेच. तिसरा घेतला. त्याचा मित्र मध्येच म्हणाला, अपडेट-इनिटरॅमएफएस (इनिटआरडी बनवणारी कमांड) हाताने मारा ना ६.५ साठी, एका मिनिटात बूट होईल. होईल, खरं आहे. पण पॅकेज आय-एफ मध्येच राहणार, मग उद्या साधा टेक्स्ट एडिटर इन्स्टॉल करायला गेलं तरी एपीटी आधी तेच कॉन्फिगर करायला बघणार आणि तोच एरर फेकणार.

क्रम महत्त्वाचा होता म्हणून सांगते. आधी डीकेएमएस स्टेटस मारून मॉड्यूलचं नाव आणि व्हर्जन नीट बघून घेतलं, मग डीकेएमएस रिमूव्ह, त्याच नावाने आणि व्हर्जनने, शेवटी --ऑल लावून, म्हणजे सगळ्या कर्नलांमधून जातं. याने /यूएसआर/एसआरसी मधला सोर्स जात नाही, तो फोल्डर वेगळा उडवला. वायफाय जाईल म्हणून तो घाबरत होता, पण मेमरीत लोड झालेला ड्रायव्हर रीस्टार्ट होईपर्यंत तसाच चालतो, आणि पुढच्या कामाला नेट लागत पण नाही, पॅकेजेस केव्हाच उतरलेली आहेत. मग /एटसी/मॉडप्रोब.डी मध्ये (कुठला ड्रायव्हर लोड करायचा, कुठला नाही याच्या सूचनांचा फोल्डर) बघितलं, तिथे अपेक्षेप्रमाणे एक ब्लॅकलिस्टची फाइल होती. बाहेरचा आणि आतला ड्रायव्हर भांडू नयेत म्हणून आतल्याला बंदी घातलेली, तेव्हाच्या सूचनांमध्येच ते होतं. ती काढली नसती तर सगळं करून वायफाय गायब झालं असतं आणि मग परत बाहेरचा ड्रायव्हर शोधत बसला असता. ही फाइल इनिटआरडी बनायच्या आधी काढायची, कारण मॉडप्रोबच्या फाइली त्यात कॉपी होतात.

त्यानंतर मुख्य कमांड, सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. या वेळी डीकेएमएसकडे करण्यासारखं काही नव्हतंच, पुढच्याच फोटोत अपडेट-इनिटरॅमएफएस, जनरेटिंग /बूट/इनिटआरडी ६.५ ची ओळ, आणि खाली ग्रबची फाउंड लिनक्स इमेज, फाउंड इनिटआरडी इमेज, दोन्ही जोडीने. एकदा एपीटी -एफ इन्स्टॉल, काही उरलं नाही. ५.१५ चं इनिटआरडी पण नवीन करून घेतलं, ती ब्लॅकलिस्ट त्याच्यातूनही जायला पाहिजे म्हणून.

रीस्टार्टच्या आधी एवढं केलंच: एलएसइनिटरॅमएफएस ने नवीन फाइलची यादी काढून त्यात एनव्हीएमई आहे का ते शोधलं. आहे. मग कर रीस्टार्ट म्हटलं. कॅप्स लॉक शांत, लॉगिन आलं, यूनेम -आर (चालू कर्नलचं व्हर्जन दाखवणारी कमांड) मारलं तर ६.५, डीपीकेजीच्या यादीत सगळीकडे आय-आय.

वायफाय लागलं, पण आतल्या खोलीत गेलं की तुटायचं. आरटीडब्ल्यू८८ वर या चिपची अशी तक्रार पुष्कळ ऐकलीय. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल असते, त्यात वायफाय.पॉवरसेव्ह पुढे ३ असतो, तो २ केला, म्हणजे पॉवर सेव्हिंग बंद. बॅटरी किंचित जास्त खाईल, तुटणं थांबलं.

सिक्युअर बूट (बिनसहीचं काही सुरू होऊ न देणारी सोय) पण २०२० पासून बंदच होतं, बिनसहीचा ड्रायव्हर लोड होत नव्हता म्हणून तेव्हा बंद केलेलं. आता ड्रायव्हर कर्नलबरोबरचा, सही केलेला, त्यामुळे परत चालू करता येतं, पण विंडोजवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर आधी रिकव्हरी की हाताशी ठेव म्हटलं, नाहीतर विंडोज ती मागून अडून बसायचं. त्याने ते परीक्षेनंतर करतो म्हणून ठेवलंय.

जुनं ५.१५ लगेच काढू दिलं नाही. ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजेस काढणारी कमांड) तसंही चालू असलेलं कर्नल आणि अलीकडचं मागचं ठेवतंच, पण हा हाताने साफसफाई करायच्या मूडमध्ये होता. पुढच्या सेमला व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्राम) लागणार आहे म्हणतोय, त्याचे ड्रायव्हर पण कर्नलबाहेरचेच, म्हणजे परत डीकेएमएस आलंच, फक्त या वेळी उबंटूच्या रेपोमधलं (उबंटूच्या स्वतःच्या पॅकेजसाठ्यातलं) घे म्हणून सांगितलंय, ते कर्नलबरोबर अपडेट होत राहतं, आणि कर्नल अपडेट झालं की रीस्टार्ट करायच्या आधी /बूट मध्ये नवीन नंबरचं इनिटआरडी आलंय का ते एलएस मारून बघायचं.